आखाजीचं केळं

आमचे सर चहा पीत नसत, पण दिवसाला पंचवीस-तीस चहा मागवत. पेशंट आत आला की हाक यायची, "नाना, चहा." नाना म्हणजे आमचा कंपाउंडर. तो वाफाळता ग्लास टेबलावर ठेवायचा, सर दोन्ही तळहातांनी तो धरून बसायचे आणि पेशंटची सगळी हकीगत ऐकून घ्यायचे. हकीगत संपली की ग्लास खाली आणि गरम झालेले हात पेशंटच्या पोटावर. गार हात लागला की पोट दचकतं, आणि दचकलेलं पोट खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. हे थंडीत ठीक होतं. पण जळगावच्या मे महिन्यात, जिथे पंखा लावला तरी भट्टीची हवा येते, तिथेही तोच ग्लास आणि तेच तळहात. निवलेला चहा मग आम्ही प्यायचो. त्या दवाखान्यात मी बावीस वर्षं काढली, पण गरम चहा काही नशिबी आला नाही.

मी थिएटरची सिस्टर. रोज नशिराबादहून एसटीने यायचे. ऑपरेशनच्या वेळी सरांच्या उजव्या हाताला उभं राहून हत्यारं द्यायची, आणि पोट शिवण्याआधी आत घातलेला कापडाचा तुकडा न् तुकडा बाहेर आला की नाही ते मोजायचं, हे माझं काम. सरांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं. दवाखान्याच्या पाटीवरही त्यांनी नाव इतकं बारीक लिहून घेतलं होतं की पेशंट शेजारच्या चष्म्याच्या दुकानात शिरून विचारायचे.

आता नात्यातली पोरं विचारतात, तुमचे सर कशाचे डॉक्टर होते. काय सांगू? आता गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, मणक्याचा वेगळा, मुतखड्याचा वेगळा. डाव्या मुतखड्याचा एक आणि उजव्याचा एक, एवढंच व्हायचं राहिलंय. सर जनरल सर्जन होते. म्हणजे जे दारात येईल ते त्यांचं. बैलाने शिंग मारलेला माणूस, मळणीयंत्रात बोटं गेलेला, अडलेली बाळंतीण, नाणं गिळलेलं लेकरू, अपेंडिक्स, मूळव्याध, मोडलेला हात. एकदा एका गड्याच्या कानात मक्याचा दाणा जाऊन तिथेच फुगला होता, तोही आमच्याकडेच आला. सरांनी सुरुवात केली ती भाड्याच्या दोन खोल्यांत. हत्यारं उकळायला घरातला स्वयंपाकाचा कुकर आणला होता. त्यामुळे घरी वरण कशात शिजवायचं यावरून बाईसाहेबांशी पहिलं भांडण झालं, असं नाना सांगायचा. एक्स-रे बघायला दिव्याची पेटी नव्हती. खिडकीत उभं राहून उन्हासमोर फिल्म धरायची. पुढे पेटी आली तरी सर खिडकीतच जायचे.

रक्त लागलं की नातेवाईक कसे पांगतात ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. कुणाला अचानक म्हैस आठवते, कुणाला शेवटची बस.  गट जुळत असला तर सर सरळ बाकावर आडवे व्हायचे आणि बाही वर करायचे. डॉक्टरच आडवा झालेला पाहून मग दोन-तीन गडी मान खाली घालून पुढे यायचे. त्यानंतर सर उठायचे, हात झटकायचे, "चला, यांच्यानेच भागेल," म्हणायचे. हे सोंग दर वेळी वठायचंच असं नाही. दोन-तीनदा खरोखर द्यावं लागलं, आणि देऊन मग ऑपरेशनला उभे राहिले. मी रागावले होते तेव्हा. मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही फक्त हत्यारं द्या.

आणि गाठी. बाई गं, काय सांगू त्या गाठींचं. खिशात कायम काळा दोरा. बोलता बोलता हात चालायचे आणि जे समोर येईल त्याला गाठी बसायच्या. खुर्चीचे हात, कॉटचे दांडे, टेबलाचा खण, गाडीचं स्टिअरिंग. डाव्या हाताने वेगळ्या, उजव्याने वेगळ्या. सफाईवाली मावशी दर शनिवारी कात्री घेऊन दवाखानाभर फिरायची. नानाच्या मुलीच्या लग्नात तर कमाल झाली. नवरीचा शालू आणि नवऱ्याचं उपरणं यांची गाठ मारलेली होती. सर पहिल्या रांगेत बसलेले. थोडा वेळ बघत राहिले, मग उठले, जोडप्याजवळ गेले आणि म्हणाले, ही गाठ सुटेल. सोडली आणि आपली मारली. विधी उरकल्यावर ती कुणाच्या बापाला सुटेना. शेवटी उपरणं कापावं लागलं. पोरीचा संसार आज उत्तम चाललाय, आणि नाना त्याचं श्रेय भटजींना द्यायला अजून तयार नाही.

गाठींबद्दल त्यांचा एक नियम होता. रक्तवाहिनी बांधताना तीन गाठी. पहिली घट्ट करायला, दुसरी पहिलीला धरून ठेवायला, तिसरी दोघींवर. "चौथी गाठ पेशंटसाठी नसते, सिस्टर, ती डॉक्टरच्या भीतीसाठी असते," असं ते म्हणायचे. शिकाऊ डॉक्टराने चौथी मारली की हात धरायचे. मी त्यांच्या शेजारी हजारो गाठी बघितल्या, चौथी कधी बघितली नाही.

सर मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. घरात अहिराणी. जळगावात एवढी वर्षं राहून बोलणं अगदी शहरी झालं होतं, पण थिएटरमध्ये एक वाक्य मात्र अहिराणीतच यायचं. पोट शिवायला घेण्याआधी ते थांबायचे आणि मान न वळवता विचारायचे, "बठ्ठं शे?" म्हणजे सगळं आहे ना, मोजून आत गेलेलं मोजून बाहेर आलं ना. मी "बठ्ठं शे, सर" म्हटल्याशिवाय सुई हातात घ्यायचे नाहीत. एकदा कापडाचा एक तुकडा कमी भरला. सरांनी पोट पुन्हा तपासलं. बादल्या उपसल्या, चादरी झटकल्या. भूल देणारे डॉक्टर घड्याळ बघायला लागले. सर हात जोडून नुसते उभे. अर्ध्या तासाने तो तुकडा माझ्याच चपलेच्या तळाला चिकटलेला सापडला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर एवढंच म्हणाले, पायाखाली सापडला, पोटात नाही सापडला, आज सगळ्यांना गरम चहा सांगा. तोही कुणी तरी विसरलं म्हणा. पण सांगायचं हे की मोजण्यात मी कधी थाप मारली नाही. मी सांगेन ते खरं, हे सरांनी गृहीत धरलेलं होतं. म्हणूनच त्यांनी केळ्याचं काम मला दिलं.

केळ्याची गोष्ट अशी. सर ज्यांच्या हाताखाली तयार झाले ते मोठे नावाजलेले सर्जन. म्हातारपणी त्यांचा हात थरथरायला लागला. सगळ्यांना दिसत होतं, पण सांगणार कोण? सगळे त्यांचेच विद्यार्थी, सगळे घाबरायचे. सरही घाबरले. मग एका ऑपरेशनात जे व्हायला नको ते झालं, आणि एक बाळंतीण गेली. तिचं मूल जगलं. हे सरांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, खिडकीकडे तोंड करून, आणि वर म्हणाले की त्या बाईला सर्जनच्या हाताने नाही मारलं, आम्हा सगळ्यांच्या तोंडाने मारलं. साठी ओलांडली त्या वर्षापासून त्यांनी स्वतःची परीक्षा सुरू केली.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आखाजीला आमच्याकडे दवाखाना रिकामा. पोरी माहेरी आलेल्या, घरोघरी झोके बांधलेले, त्या दिवशी आपण होऊन पोट कुणी कापून घेत नाही. सर एक पिकलेलं केळं आणायचे. फार पिकलेलं नाही, ठिपके पडायच्या आधीचं. ब्लेडने सालीला बोटभर चीर द्यायची, सालीपुरतीच. मग सगळ्यात बारीक सुईने पाच टाके घालायचे. गराला सुईचं टोक लागता कामा नये. टाके झाले की ते केळं माझ्या हातात द्यायचे आणि पाठ फिरवून खिडकीशी उभे राहायचे. मी टाके कापायचे, साल काढायची आणि गर उजेडात धरून बघायचा. टोचलं असेल तर बारीक भोक दिसतं, आणि थोडा वेळ ठेवलं तर तिथे तपकिरी ठिपका पडतो. गर स्वच्छ असेल तर मी ते केळं खाऊन टाकायचं. सिस्टरने केळं खाल्लं म्हणजे सर पास. नाही खाल्लं तर त्या दिवसापासून सुरी बंद. बोलायचं काहीच नाही, असा करार होता.

पहिल्या वर्षी मला हसू आवरेना. मोठा डॉक्टर, सोन्यासारखा हात, आणि सालीला टाके घालून उभा. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत हसू गेलं. केळं सोलताना माझ्याच हाताला घाम यायचा.

सरांच्या सत्तरीच्या आसपास दवाखान्यात नव्या मॅडम आल्या. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली मुलगी. धुळ्याला शिकलेली, हुशार, बोलायला कमी. दुर्बिणीचं ऑपरेशन शिकून आलेली. पोटाला तीन भोकं पाडायची, आत कॅमेरा घालायचा आणि समोरच्या पडद्यावर बघून काम करायचं. सरांनी कर्ज काढून ते मशीन घेऊन दिलं, पण त्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. टीव्ही बघत कुणी ऑपरेशन करतं का, म्हणायचे. मॅडमनी एकदा केळ्याचा प्रकार पाहिला आणि त्यांना नवल वाटलं. आम्ही पहिल्या वर्षाला असं शिकायचो सर, असं त्या म्हणाल्या. सर म्हणाले, मी शेवटच्या वर्षाला शिकतोय.

मग ती आखाजी आली.

टाके नेहमीसारखेच दिसत होते. सर खिडकीशी गेले. मी साल काढली आणि दुसऱ्या टाक्याखाली मला ते दिसलं. टाचणीच्या टोकाएवढं. मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. तिथेच होतं.

आता सांगते, माझ्या डोक्यात काय आलं. एवढंसं ते भोक, तेही केळ्याला. असोद्याच्या अक्का आठवल्या. बेंबीचा हर्निया घेऊन तीन वर्षं फिरत होत्या, सगळ्यांना सांगायच्या, "मले त्यायचाच हात पाह्यजे, दुसऱ्याचा नको." आंबे संपले की येते म्हणून तारीख घेऊन गेल्या होत्या. आणि सरांची पाठ दिसत होती. खांदे थोडे वाकलेले, दोन्ही हात मागे बांधलेले, बोटं एकमेकांत. त्या हातांनी काय काय केलं ते मी उभं राहून पाहिलं होतं. त्यांना मी, नशिराबादच्या शेतकऱ्याच्या पोरीने, आता बस करा म्हणायचं? माझ्याच्याने झालं नाही. मी केळं तोंडात घातलं. दोन घासांत संपवलं, ठिपका तपकिरी पडायच्या आत.

सर वळले. माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं, हसले, आणि नानाला चहा सांगितला.

पुढचा महिना माझा मला ठाऊक.  ऑपरेशनला उभी राहिले की मी हत्यारांकडे बघायचं सोडून सरांच्या बोटांकडे बघत राहायचे. काहीच होत नव्हतं. अपेंडिक्स झालं, दोन हर्निया झाले, सगळं व्यवस्थित. मी मनाला सांगायचे, बघ, उगाच घाबरलीस. आणि लगेच ती बाळंतीण आठवायची. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी ती रोज माझ्या एसटीत शेजारी बसून यायची. सरांनी मला एक काम दिलं होतं, जे त्यांना स्वतःच्या गुरूसाठी करता आलं नव्हतं. आणि मीही तेच केलं होतं, तोंड बंद. बंद कसलं, भरलेलं.

अक्का ठरल्याप्रमाणे आल्या. अंगाने भारी बाई, पोट उघडल्यावर आत सगळं चिकटलेलं. समोर मदतीला मॅडम, उजवीकडे मी. निम्मं काम झालं आणि एका बारीक वाहिनीतून रक्त यायला लागलं. तसं काही फार नव्हतं, सरांसाठी तर रोजचंच. मी दोरा दिला. सरांनी बांधायला घेतलं. एक. दोन. तीन. मी कात्री पुढे केली.

बोटं थांबली नाहीत. चौथी गाठ पडली.

मॅडमना काही वेगळं वाटलं नाही, चार-चार गाठी आता सगळेच मारतात. पण मी कात्री मागे घेतली. मी म्हणाले, "सर, चौथी."

 सरांनी मास्कवरून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं असं मला वाटलं, पण दोन श्वासच झाले असतील. मग त्यांनी हातातलं हत्यार उलटं करून मॅडमच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही पूर्ण करा. मी इथेच आहे." मॅडम गोंधळल्या, पण हात पुढे केला. त्यांनी उरलेलं सगळं केलं, हर्नियाला आतून लावतात ती जाळी बसवली, आणि सर हात जोडून त्यांच्या बाजूला उभे राहिले. शिवायची वेळ आली तसं सरांनीच विचारलं, "बठ्ठं शे?"

मी मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. म्हटलं, "बठ्ठं शे, सर."

अक्का वॉर्डात गेल्या, शुद्धीवर आल्या, पाणी मागायला लागल्या. सर हात धुवायच्या नळाशी उभे होते. मी जवळ गेले आणि सांगून टाकलं. आखाजीला ठिपका होता, मी खाल्ला. रडू येत होतं, तरी सांगितलं. मला वाटलं आता सर ओरडतील. इतक्या वर्षांत ओरडले नव्हते, आज ओरडतील.

सरांनी नळ बंद केला. म्हणाले, "सालीतून सुई जाते तेव्हा वेगळी लागते, गरात जाते तेव्हा वेगळी. हाताला कळतं, सिस्टर. मला कळलं होतं."

 कळलं होतं तर बोलला का नाहीत, असं विचारायचं धैर्य नव्हतं. त्यांनीच सांगितलं. "तुम्ही केळं खाल्लंत तेव्हा मला इतका आनंद झाला की मी हाताचं ऐकलंच नाही. तुम्ही खोटं बोललात, मी ते ऐकून घेतलं. एकाने भागलं नसतं, दोघं लागलो." मग टॉवेलने हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि टॉवेल माझ्या हातात दिला. "पण आज बोललात. माझ्या गुरूंना कुणी बोललं नाही," म्हणाले, आणि घरी जेवायला गेले.

मी त्या टॉवेलात तोंड घालून रडले. लाज कसली, खरं तेच सांगते.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, सर येणार नाहीत. नऊ वाजता हजर. सोबत पाटी रंगवणारा. पाटीवरचं "सर्जन" त्यांनी मॅडमच्या नावाखाली लिहायला लावलं, आणि स्वतःच्या नावाखाली लिहून घेतलं, "येथे पोट तपासून मिळेल." आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो. मॅडम म्हणाल्या, सर, लोक काय म्हणतील. सर म्हणाले, लोकांचं पोट दुखतं मॅडम, लोक काही म्हणत नाहीत. आणि झालंही तसंच. महिन्याभरात बाहेरच्या बाकावर जागा मिळेना. हात उचलला की थरथरायचा, पण गरम होऊन पोटावर टेकला की एकदम स्थिर. ते मी रोज बघायचे आणि रोज मला बरं वाटायचं.

एका कॉलेजच्या पोरीचं पोट दुखत होतं. सोनोग्राफीत काही नाही, रक्त ठीक, मॅडम म्हणत होत्या घरी पाठवू. सरांनी ग्लास धरला, हात ठेवला, डोळे मिटले. म्हणाले, घरी नका पाठवू, आज आत बघा. मॅडमनी दुर्बीण घालायचं ठरवलं आणि सरांना म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत, तर बघायलाही तुम्हीच या. सर पहिल्यांदा त्या खोलीत आले. पडद्यावर आतलं सगळं लख्ख दिसत होतं, आणि एका कोपऱ्यात मागे वळून लपलेलं, सुजून लाल झालेलं अपेंडिक्स. सर पुढे सरकले. अगदी पडद्याला नाक लागेल इतके. "चाळीस वर्षं हे मी नुसत्या बोटांनी चाचपत आलो," म्हणाले. "असं दिसतं होय हे." त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. जत्रेत आलेल्या लहान पोरासारखा झाला होता. त्यानंतर मॅडमचं ऑपरेशन असलं की सर आपलं स्टूल घेऊन पडद्यासमोर बसायचे. नाना म्हणायचा, सरांची मालिका सुरू झाली.

अक्कांना जेव्हा कळलं की निम्मं काम मॅडमनी केलं, तेव्हा त्या रुसल्या. मग पोटावर हात फिरवून बघितला आणि सरांना म्हणाल्या, "तुमची बाजू न् तिची बाजू, मले तं काई फरक वाटत नाई." पुढच्या खेपेला भरिताच्या वांग्यांच्या दोन पिशव्या घेऊन आल्या. एक सरांना, एक मॅडमला. मॅडम पिशवी हातात घेऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या. आतापर्यंत लोक "सर नाहीत का" असं विचारत आत यायचे. ती वांगी त्यांची स्वतःची होती.

सर गेल्या दिवाळीनंतर गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी त्याआधीच निवृत्त होऊन घरी बसले होते. त्यांच्या घरच्या कॉटच्या दांड्याला दोऱ्याच्या गाठी होत्या, बाईसाहेबांनी त्या कापू दिल्या नाहीत.

आता परवाची आखाजी. घरी लेक आलेली, अंगणात कडुनिंबाला झोका, आत आमरसाची गडबड. दुपारी दारात गाडी थांबली आणि मॅडम उतरल्या. हातात केळ्यांची फणी आणि एक स्टीलचा डबा. मला वाटलं भेटायला आल्या. त्या ओट्यावर बसल्या, डबा उघडला, आत सुई, दोरा, ब्लेड.

मला माहीतच नव्हतं. सरांनी सुरी ठेवली त्या वर्षापासून मॅडम दर आखाजीला केळं शिवत होत्या, आणि सर तपासत होते. मी म्हटलं, अहो, तुमचं वय काय, तुम्हाला कशाला हे? त्या म्हणाल्या, "सरांना मी विचारलं होतं, की तुमच्यानंतर कुणाकडे नेऊ. ते म्हणाले, सिस्टरकडे न्या. त्यांनी एकदा खाल्लंय, त्या पुन्हा खाणार नाहीत."

मी आत जाऊन चष्मा घेऊन आले. डोळेही पुसून घेतले.

मॅडमनी पाच टाके घातले आणि केळं माझ्या हातात दिलं. पाठ फिरवायला खिडकी नव्हती, म्हणून झोक्याकडे तोंड करून बसल्या. मी टाके कापले, साल काढली. गर उन्हात धरला. तिसऱ्या टाक्याखाली होतं. बारीकच, पण होतं. मी मॅडमकडे बघितलं. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. भल्या पोरीला सणाच्या दिवशी काय सांगायचं, असं एक क्षण मनात आलंच. खोटं कशाला बोलू.

केळं मी स्टीलच्या ताटलीत ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या टाक्याला लागलंय."

त्या वळल्या. वाकून बघितलं. "दोन रात्री झोपले नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, ते केळ्याला काय ठाऊक. सरांचा नियम सरांच्या वयाचा होता, तुमची सुरी काही बंद व्हायची नाही. पण उद्या किती ऑपरेशनं आहेत? त्या म्हणाल्या, तीन. मी ताटली त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी फोन काढला. पलीकडून पेशंटच्या कुणा नातेवाइकाचा चढा आवाज येत होता, सुट्टी टाकून आलोय, सगळी तयारी झालीय वगैरे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उद्या माझा हात ठीक नसेल. परवा सकाळी करू. दुसरीकडे जायचं असेल तर चिठ्ठी देते."  मग तो आवाज खाली आला, आणि परवाची वेळ विचारायला लागला. असे तीन फोन झाले.

मी त्यांना जेवू घातलं, दोन वाट्या आमरस घातला, आणि आतल्या खोलीत पंखा लावून दिला. पाठ टेकायचा अवकाश, त्या झोपल्या. मी ओट्यावर येऊन बसले. झोक्यावर पोरी गात होत्या. ताटलीतल्या केळ्यावरचा ठिपका हळूहळू तपकिरी झाला, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा दिसायला लागला.

सून भांडी गोळा करायला आली. ताटली उचलून म्हणाली, "हे काळं पडलंय आई, टाकू?"

"राहू दे," मी म्हटलं. "मॅडम उठल्या की त्यांना दाखवायचंय."